हिवाळ्यातील सायकलस्वारी आणि हातमोज्यांची निवड

माळव्यातील रात्रीची शीतलता 'शब-ए-मालवा' या नावाने सर्वश्रुत आहे. उन्हाळ्यात ही शीतलता सुखावते. परंतु मार्गशीर्ष-पौषात पहाटे सायकल घेऊन आग्रा-मुंबई मार्गाला लागणाऱ्यास तिचे दुसरे रूप अनुभवास येते. गेल्या काही वर्षांत आपल्या इंदुरातील अनेक डॉक्टर मंडळी सायकलकडे वळली आहेत. रविवारी दवाखान्याला सुट्टी असते, रस्त्यावर वर्दळ कमी असते आणि व्यायामाबरोबर मित्रांची संगतही घडते. राऊ, पिगडंबर, महू आणि तेथून पुढे मानपूर हा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा मार्ग आमच्या गटाच्या विशेष आवडीचा आहे. वाटेत जानापावचा डोंगर लागतो. चंबळेचा उगम याच डोंगरावरचा. मानपूर हे माळव्याच्या पठाराच्या दक्षिण टोकाशी वसले आहे. चारी बाजूंना संस्थानी मुलूख असताना मानपूर परगणा मात्र ब्रिटिशांच्या प्रत्यक्ष अमलाखाली होता, ही इतिहासातील एक गंमतच म्हणायची. मानपूरच्या पुढे रस्ता विंध्याद्री उतरून निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात शिरतो.

या प्रवासास दोन ते अडीच तास लागतात आणि त्यातील पहिला तास दिवसातील सर्वांत थंड काळात जातो. माझ्या अनुभवात सायकलस्वारांची सर्वाधिक तक्रार गुडघ्यांची किंवा पाठीची नसते, ती बोटांची असते. "बोटे आखडली", "बोटे आपली राहिली नाहीत", "ब्रेक दाबला की नाही तेच कळेना" ही वाक्ये दरवर्षी डिसेंबरात कानी पडतात. त्यातील शेवटचे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हातमोजे घेताना आपण बहुधा रंग, किंमत आणि जाडी पाहतो. ते कसे निवडावेत याचा शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे विचार करावा आणि त्या निमित्ताने थंड पडणाऱ्या हाताकडे वैद्यकीय दृष्टीनेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बोटेच आधी का गारठतात?

बोटांची रचना पाहिली तर त्यात स्नायू नाहीत. बोटे वाकविणारे व सरळ करणारे प्रमुख स्नायू अग्रबाहूत आहेत, लहान स्नायू तळहातात आहेत. बोटांपर्यंत पोहोचतात ते केवळ स्नायुबंध. स्नायू हे उष्णतानिर्मितीचे स्थान. ते नसल्याने बोटांना स्वतःची अशी उष्णता जवळजवळ नाही. जी उष्णता मिळते ती रक्तावाटे. शिवाय बोट हे बारीक दंडगोलाकार असल्याने त्याच्या आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा आहे. थोडक्यात, बोटांची आवक परस्वाधीन आणि खर्च मात्र मोठा.

ही आवक नियंत्रित करणारी यंत्रणा आपणा सर्वांस परिचित आहे. तळहात, बोटांची टोके व नखांखालचा भाग येथे धमन्या व शिरा यांना थेट जोडणारे असंख्य लघुमार्ग आहेत आणि त्यांवर अनुकंपी मज्जासंस्थेचे नियंत्रण असते. शरीराचा गाभा उबदार असला की हे मार्ग उघडतात आणि हात रेडिएटरप्रमाणे उष्णता बाहेर टाकतात. गाभ्याची उष्णता कमी होऊ लागली की हे मार्ग सर्वप्रथम मिटतात. हृदय, मेंदू व यकृत यांच्या रक्षणार्थ शरीर बोटांचा बळी देते, असे म्हटले तरी चालेल.

यातून निघणारा पहिला व्यावहारिक निष्कर्ष असा की हातमोजा उष्णता निर्माण करीत नाही, तो आलेली उष्णता केवळ राखतो. छाती-पोट गारठलेले असेल तर उत्तमोत्तम हातमोज्यांतही बोटे थंडच राहतील; कारण राखण्यासारखे काही तेथवर पोहोचतच नाही. म्हणून हात थंड पडतात अशी तक्रार करणाऱ्यास मी प्रथम विचारतो, "अंगात काय घालता?" वाऱ्यास अडविणारे पातळ जाकीट, मानेभोवती मफलर, शिरस्त्राणाखाली कान झाकणारी टोपी आणि मनगटापर्यंत येणाऱ्या पूर्ण बाह्या एवढ्याने अर्धे काम होते. अग्रबाहू झाकणे विशेष महत्त्वाचे. कारण मूठ आवळणारे स्नायू तेथे आहेत आणि थंड स्नायूंची पकड दुबळी असते.

येथे सर थॉमस लुईस यांनी १९३० साली वर्णिलेल्या एका प्रतिक्रियेचा उल्लेख करणे उचित होईल. बोट बर्फाच्या पाण्यात ठेवले असता रक्तवाहिन्या प्रथम आकुंचन पावतात. परंतु काही मिनिटांनी आपोआप प्रसरण पावून बोट पुन्हा थोडे उबदार होते आणि हे चक्र चालू राहते. यालाच 'हंटिंग रिअ‍ॅक्शन' म्हणतात. गाभा उबदार असताना ही प्रतिक्रिया जोमदार असते. सर्व शरीर गारठलेले असता ती मंदावते. स्वारीच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत हात गार पडून पुढे आपोआप उबदार होतात, हा अनेकांचा अनुभव आहे. त्यात व्यायामाने वाढलेल्या उष्णतेचा वाटा मोठा आहे.

वारा, वेग आणि दव

इंदुरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान साधारणपणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंडीची लाट आली की ते ५-६ अंशांपर्यंत उतरते. काश्मीर किंवा लडाखच्या मानाने ही थंडी किरकोळ. मग बोटे इतकी का काकडतात? उत्तर आहे वारा. हवा स्तब्ध असली तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार स्वतःसाठी तितक्याच वेगाचा वारा निर्माण करतो आणि मुठीवरचे हात या वाऱ्याच्या अगदी अग्रभागी असतात. त्वचेलगत असलेला उबदार हवेचा पातळ थर हा वारा सतत उडवून नेतो.

वाऱ्याच्या या परिणामाचे मापन सिपल व पॅसेल यांनी अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यातील पाणी गोठण्यास किती वेळ लागतो हे पाहून केले. त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००१ साली अमेरिका व कॅनडा यांनी सुधारित सूत्र स्वीकारले. त्या सूत्राने पाहता ६ अंश तापमानात ताशी २० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे २ अंशांइतकी थंडी भासते आणि उतारावर वेग ४० झाला तर सुमारे १ अंशाइतकी. हे सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी बेतलेले असल्याने हातांच्या बाबतीत हे आकडे ढोबळच मानावेत. त्यांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, वेग शून्यावरून २० वर जाताना जेवढा फरक पडतो तेवढा २० वरून ४० वर जाताना पडत नाही. म्हणजे 'मी तर हळूच चालवितो' असे म्हणणाऱ्यालाही हातमोज्यांची गरज आहे. दुसरी, वाऱ्याने त्वचा हवेच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. हवा ६ अंश असेल तर कोरडे बोट गोठणे शक्य नाही. आपल्या भागात हिमदंशाची भीती बाळगण्याचे कारण नाही. आपला प्रश्न वेगळा आहे: बधिरता, मंद हालचाल, चिलब्लेन्स आणि आधीपासून असलेल्या रोगांचे प्रकटीकरण.

ओलावा हा दुसरा शत्रू. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. दवाने भिजलेला किंवा आतून घामाने ओला झालेला हातमोजा म्हणूनच निरुपयोगी ठरतो. तसेच, रात्री थंड झालेली जड हवा सखल भागात साचते. मोकळ्या माळावर सुसह्य वाटणारा गारठा नाल्याच्या पुलावर उतरताच एकदम झोंबतो, याचे कारण हेच.

बधिर बोटे आणि ब्रेक

बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांखाली गेले की बारीक हालचालींतील सफाई कमी होते. ते ८ अंशांच्या आसपास आले की स्पर्शज्ञान फारच क्षीण होते. मज्जातंतूंतील संदेशवहनाचा वेग प्रत्येक अंशामागे सेकंदास सुमारे दीड ते दोन मीटरने घटतो. नर्व्ह कंडक्शन तपासणीपूर्वी रुग्णाचे हात गरम करून घेण्याची पद्धत आहे ती याचसाठी. सांध्यांतील वंगणद्रवही थंडीने दाट होतो.

याचा अर्थ रस्त्यावर काय होतो, ते पाहू. ताशी ३० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदास सुमारे ८ मीटर पुढे जाते. आखडलेल्या बोटांनी ब्रेकची दांडी शोधण्यात व दाबण्यात अर्धा सेकंद अधिक गेला तर सायकल ४ मीटर पुढे गेलेली असते. महामार्गावर, पहाटेच्या अंधुक प्रकाशात, ट्रकच्या मागे हे ४ मीटर जीवघेणे ठरू शकतात. दाब किती पडतो आहे याचा अंदाज न आल्याने पुढचा ब्रेक जोरात आवळला जाऊन कोलांटी घेण्याचाही धोका असतो. मानपूरच्या पुढे गणपती घाटाच्या तीव्र उतारावर ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांचे अनेक भीषण अपघात झाले आहेत. आमच्या गटाचा दंडक आहे की मानपुरात चहा घ्यावा व तेथूनच परतावे. थंडीत घाट उतरण्याचे धाडस कोणीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

कापड कोणते?

हातमोजा उबदार करणारी मुख्य गोष्ट म्हणजे त्यात अडकलेली स्थिर हवा. धाग्याचे महत्त्व दुय्यम आहे. ही हवा धरून ठेवणे, वाऱ्यास अडविणे आणि घामास बाहेर जाऊ देणे ही तीन कामे आहेत. एकच कापड तिन्ही कामे क्वचितच उत्तम करते.

सुती हातमोजे स्वस्त व मऊ असतात. पण सूत घाम शोषून ओले राहते. थंडीसाठी ते बाद समजावेत. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ओली भासत नाही व ऊब टिकवून धरते. आजीने किंवा मावशीने प्रेमाने विणलेले मोजे घरात उभ्या माणसाला उत्तम. परंतु त्यांची वीण सैल असल्याने सायकलवर वारा आरपार जातो आणि धातूच्या ब्रेकवर लोकर घसरतेही. ते टाकून देऊ नयेत, आतला थर म्हणून वापरावेत. पॉलिस्टरचे मऊ केसाळ कापड, ज्याला बाजारात फ्लीस म्हणतात, हलके असते व लवकर वाळते. त्यातूनही वारा जातोच. निओप्रीन हे पाणबुड्यांच्या पोशाखाचे कापड वारा व पाणी अडविते, पण घाम आत साचवते. चामडे वारा अडविते आणि पकडही चांगली देते, मात्र भिजले की सुकण्यास वेळ घेते. ज्यांच्या पाठीच्या बाजूस वारारोधक पापुद्रा आणि आत फ्लीसचे अस्तर असते असे मिश्र बनावटीचे हातमोजे आपल्या थंडीस सर्वांत योग्य.

माझा कल दोन थरांकडे आहे. आत लोकरीचा किंवा फ्लीसचा पातळ मोजा, बाहेर वारारोधक सैल कवच. सूर्य वर आला की बाहेरचे कवच काढून खिशात ठेवता येते. एकाच जाड मोज्याच्या बाबतीत ही सोय नाही. तो घातला तर घाम, काढला तर गारठा.

चारही बोटांना एकच कप्पा असलेले, लहान मुलांना घालतो तसे मोजे सर्वांत उबदार असतात. कारण बोटे एकमेकांची ऊब वाटून घेतात आणि पृष्ठभागही घटतो. परंतु त्यांत ब्रेक व गिअर हाताळणे अवघड. दोन-दोन बोटांची जोडी करणारे मधल्या बनावटीचे मोजेही मिळतात. ज्यांची बोटे फारच गार पडतात त्यांनी ते वापरून पाहावेत. इतरांस पाच बोटांचा मोजा पुरेसा आहे.

आपल्या व्यवसायबंधूंना हमखास सुचणारी एक युक्ती म्हणजे तपासणीचे रबरी हातमोजे आत घालणे. वारा अडतो हे खरे. पण घाम कोंडला जातो. अर्ध्या तासाच्या फेरीस हे चालून जाईल. दोन तासांच्या प्रवासात हात भिजतात आणि मानपुरात चहासाठी मोजे काढताच तो ओलावा उडून जाताना हात गोठल्यासारखे होतात. ज्यांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हा प्रयोग करूच नये.

माप: घट्ट मोजा थंड मोजा

हातमोज्यांच्या निवडीत सर्वाधिक दुर्लक्ष मापाकडे होते. शल्यचिकित्सकांना आपले माप पाठ असते: सात, साडेसात, आठ. हा आकडा म्हणजे अंगठा वगळून तळव्याचा रुंद भागाभोवतीचा घेर, अंदाजे इंचांत. शस्त्रक्रियेचा मोजा त्वचेसारखा बसला पाहिजे. थंडीचा मोजा तसा बसता कामा नये. घट्ट मोजा आतील हवेचा थर चेपतो व बोटांतील लहान रक्तवाहिन्यांवर दाब आणतो. फार सैल मोज्यात मनगटाकडून वारा शिरतो आणि ब्रेकवर कापड गोळा होते.

दुकानात मोजा घालून हात सपाट पसरून पाहू नये. सायकलची मूठ धरल्याप्रमाणे बोटे वाकवावीत. वाकविल्यावर बोटांच्या टोकांवर ताण येऊ नये. टोकाशी सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा असावी. दोन बोटांच्या बेचक्यात कापड रुतू नये. पाच मिनिटांनी मोजा काढून शिवणीचे किंवा पट्ट्याचे वळ उमटले आहेत का ते पाहावे आणि नख दाबून सोडावे. दोन सेकंदांत लाली परत यावयास हवी. रोज रुग्णाच्या नखावर करतो तीच ही तपासणी.

आणखी काही साध्या चाचण्या येथे नमूद करतो. मोज्याच्या पाठीच्या बाजूस तोंड लावून जोराने फुंकावे. आतल्या हाताला श्वासाची ऊब जाणवली तर पहाटेचा वाराही जाणवणार. मोजा घालून टेबलावरचे नाणे उचलून पाहावे, शक्य झाल्यास दुकानातच एखाद्या सायकलीचा ब्रेक दोन बोटांनी दाबून पाहावा. तळव्याकडे चामड्याचे किंवा रबरी ठिपक्यांचे आवरण असावे, म्हणजे पकड सुटत नाही. मनगटाचा भाग लांब असावा व बाहीखाली किंवा बाहीवर नीट बसावा. मनगटाशी धमनी त्वचेच्या अगदी जवळ असते, तेथील उघडी पट्टी सर्व हात गार करते. अंगठ्याच्या पाठीवर मऊ टॉवेलचे कापड असल्यास गळणारे नाक पुसण्यास बरे पडते. शेवटी, पाठीवर चमकणारी पट्टी असावी. पहाटे वळताना दाखविलेला हात मागच्या वाहनास दिसणे हे उबेइतकेच महत्त्वाचे आहे.

तळव्याखालच्या गादीविषयी दोन शब्द. करंगळीच्या बाजूस तळव्याच्या बुडाशी ग्वीयोंच्या नलिकेतून अल्नर मज्जा जाते. दीर्घकाळ मुठीवर भार दिल्याने ती दाबली जाते. सायकलस्वारांचा हा सुपरिचित विकार आहे. माफक गादी तिचे रक्षण करते. फार जाड गादी मात्र मूठ जाड करून पकड थकविते. दर दहा-पंधरा मिनिटांनी हातांची जागा बदलणे हा गादीपेक्षा चांगला उपाय होय.

हात थंड पडतात: केव्हा विचार करावा?

थंडीत हात गार पडणे नैसर्गिक आहे. तथापि आपल्याकडे आलेला रुग्ण, किंवा आपण स्वतः, 'थंडीमुळे होते' असे म्हणून जे सोडून देतो त्यात पुष्कळदा निदान दडलेले असते.

केवळ थंडीची बधिरता दोन्ही हातांत, सर्व बोटांत सारखी असते आणि ऊब मिळताच थोड्या वेळात जाते. करंगळी व अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यातच मुंग्या असतील आणि ऊब मिळूनही राहत असतील, तर अल्नर मज्जेवरील दाब. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांत बधिरता, तीही रात्री झोपेतून उठविणारी, तर कार्पल टनेल. अशा वेळी थायरॉइड व मधुमेह तपासावा. बोटे ठळक सीमारेषेसह पांढरीफटक, मग निळी, मग लाल होत असतील तर मॉरिस रेनो यांनी १८६२ साली आपल्या प्रबंधात वर्णिलेला विकार. तो तरुण वयात, विशेषतः स्त्रियांत, दोन्ही हातांत सारखा व व्रणांविना असेल तर बहुधा निरुपद्रवी. तो चाळिशीनंतर सुरू झाला, बोटांवर जखमा होऊ लागल्या किंवा त्वचा ताठ वाटू लागली तर स्क्लेरोडर्मा व तत्सम रोगांचा शोध घ्यावाच लागतो. एकाच हाताची बोटे पांढरी पडत असतील तर त्या बाजूच्या मोठ्या धमनीचा किंवा मानेतील अतिरिक्त बरगडीचा विचार व्हावा. बोटांवर खाजणाऱ्या, लालनिळ्या गाठी आल्या तर ते चिलब्लेन्स. कडाक्याच्या थंडीपेक्षा दमट गारव्यात ते अधिक दिसतात.

औषधांची यादीही पाहावी. बीटा ब्लॉकर, अर्धशिशीसाठी घेतली जाणारी अर्गोटची औषधे आणि तंबाखू या तिन्हींमुळे बोटांतील रक्तप्रवाह घटतो. तंबाखू तर सोडावीच. औषधे मात्र हात गार पडतात म्हणून स्वतःच्या मर्जीने बंद करू नयेत. रक्तक्षय व थायरॉइडची मंदता यांतही थंडी अधिक बाधते आणि या दोन्ही गोष्टी आपल्या समाजातील स्त्रियांत वारंवार आढळतात.

मधुमेहींस दोन सूचना. संवेदना कमी असल्याने त्यांना गारठाही उशिरा कळतो आणि चटकाही. गारठलेले हात गरम पाण्यात बुडविणे, शेकोटीवर धरणे किंवा मोज्यात रासायनिक ऊब देणाऱ्या पुड्या त्वचेलगत ठेवणे त्यांनी कटाक्षाने टाळावे. हात काखेत धरावेत, अथवा थांबून बाहू मोठ्या वर्तुळात फिरवावेत म्हणजे रक्त बोटांकडे जाते. बोटे चोळू नयेत. उबेने रक्त परतताना जो ठणका लागतो तो काही मिनिटांत शमतो.

हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी ध्यानात ठेवावे की थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की रक्तदाब व हृदयावरील भार वाढतो. बोटांपेक्षा त्यांना छातीची काळजी अधिक हवी. घरीच दहा मिनिटे अंग मोकळे करावे, पहिले काही किलोमीटर सावकाश जावे आणि छातीत जडपणा वाटल्यास तत्क्षणी थांबावे. जानेवारीत इंदुरात सूर्योदय सातनंतर होतो आणि पारा सर्वांत खाली असतो तो त्याच सुमारास. म्हणून तास-दीड तास उशिरा निघणे हा कोणत्याही हातमोज्यापेक्षा गुणकारी आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

ज्यांना उशिरा निघता येत नाही

हा उपाय आपणांस सुचतो, कारण आपली सायकलस्वारी हौसेची आहे. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले, दुधाच्या किटल्या लावून गावातून शहरात येणारे दूधवाले, कारखान्याच्या पहिल्या पाळीस जाणारे कामगार यांना सूर्य वर येईपर्यंत थांबण्याची मुभा नाही. त्यांतील बहुतेकांचे हात उघडे असतात, किंवा एका हातात फडके गुंडाळलेले असते. ओल्या किटल्यांमुळे दूधवाल्यांचे हात भिजलेलेही असतात. चिलब्लेन्स व भेगा यांनी त्रस्त झालेले हात आपल्या बाह्यरुग्ण विभागात याच मंडळींचे दिसतात. आपण मलम लिहून देतो. ते योग्यच आहे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तोच हात पुन्हा त्याच वाऱ्यात जातो.

त्यांना महागडे हातमोजे सुचविण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात इंदुरात भरणाऱ्या तिबेटी लोकरी बाजारात किंवा कोणत्याही हाटात मिळणारा साधा लोकरी मोजा आणि त्यावर वारा न शिरणारे कोणतेही सैल आवरण एवढ्याने काम भागते. मोटरसायकलीच्या मुठींवर घालतात तशी कव्हरे सरळ मुठीच्या सायकलीसही बसविता येतात; हात चटकन आत-बाहेर करता आला पाहिजे आणि ब्रेक अडकता कामा नये, एवढे पाहावे. हात ओले करणारे काम असेल तर कोरड्या मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवावी. घरी गेल्यावर मोजे उलटे करून उन्हात वाळवावेत आणि हातांस खोबरेल तेल लावावे.

आपल्या संस्थेच्या सभासदांस माझी विनंती आहे की, येत्या हिवाळ्यात आपल्या दारी पेपर टाकणाऱ्या व दूध घालणाऱ्या व्यक्तीचे हात एकदा पाहावेत. तपासणी म्हणून पाहावेत आणि गरज दिसली तर एक जोडी द्यावी. जोडी देताना ती मूठ वाळवून, बोटे वाकवून, नख दाबून त्याच्या मापाची निवडावी. मोजा मापाचा नसेल तर तो दोन दिवसांत पिशवीत जाईल आणि हात पुन्हा उघडेच राहतील.